दाजीला वळण लावणाऱ्या गादेवार मॅडम

आर्वीच्या आमच्या कॉलेजात गादेवार मॅडम आल्या की नाही, हे कोणाला विचारावं लागत नसे. कारंज्याची एस.टी. डेपोत शिरली की थोड्याच वेळात स्टाफरूमच्या दारात आधी एक भलीमोठी काळी छत्री यायची. ऊन असो, थंडी असो, छत्री असायचीच. तिच्यामागून कापडी पिशवी आणि पिशवीमागून मॅडमचा आवाज, "मी आज कंडक्टरवर चिडली नाई हो!"

ही त्यांची रोजची वर्दी. सांगताना चेहऱ्यावर असा आनंद, की जणू पोरगी बोर्डात आली. ज्या दिवशी काहीच न बोलता त्या खुर्चीत बसत, त्या दिवशी आम्ही समजून घ्यायचो की कंडक्टरचं काही खरं नव्हतं.

मॅडम मूळच्या तापट. हे मी म्हणत नाही, त्याच सांगायच्या. कारंजा घाडग्याला हायवेवर त्यांच्या घरचं किराणा दुकान. वडील थंड डोक्याचे आणि ही लेक म्हणजे फोडणीची मोहरी. "माह्या बापानं मले दुकानात कधी बसू दिलं नाई," त्या सांगत. "म्हणे, तू बसली तं गिऱ्हाईक रस्त्याच्या पलीकडूनच जाईन." मग त्या तत्त्वज्ञान शिकायला गेल्या आणि तिथे त्यांना दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचे ग्रीक भेटले. मॅडम त्यांची नावं क्वचितच घेत. 'आपले ग्रीक म्हातारे' एवढंच म्हणत, जसे काही ते तळेगावच्या फाट्यावर राहतात.

या म्हाताऱ्यांचं एक म्हणणं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. गुण कोणी जन्माला येताना बांधून आणत नाही आणि पाठ करूनही तो येत नाही. रोज तसं वागत राहिलं की तो अंगी बाणतो. धाडसी वागत वागत माणूस धाडसी होतो. हे ऐकून आपण मान डोलावतो आणि जेवायला जातो. मॅडमनी ते मनावर घेतलं आणि संयमाच्या सरावासाठी कारंजा-आर्वी गाडी निवडली. "लोक आखाड्यात जातात, मले एस.टी. सापडली," असं त्या म्हणत. आर्वी डेपोनं किती माणसांची सहनशक्ती संपवली असेल सांगता येत नाही, पण एका बाईची घडवली हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी त्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. म्हणजे मी नियमांचा माणूस. अमुक असेल तर तमुक कर, नसेल तर थांब, यावर माझा संसार चालतो. मॅडमना माझी फिरकी घ्यायला फार आवडे. एकदा चहा आला तेव्हा म्हणाल्या, "सर, चहात साखर किती टाकायची, नियम सांगा बरं."

"दोन चमचे," मी म्हणालो.

"शुगरवाल्याले?"

"त्याला नाही."

"अन् त्याच शुगरवाल्याची शुगर उतरली, चक्कर येऊन राह्यली, घाम फुटला, तं?"

मी कप खाली ठेवला. मॅडमनी माझ्या कपात आणखी एक चमचा साखर टाकली आणि म्हणाल्या, "ग्रीक म्हातारे म्हणतात, चांगलं ते मधोमध असते. इकडून जास्त नाई, तिकडून कमी नाई. पण ते मधोमध टेप लावून नाई सापडत. योग्य माणसाले, योग्य टायमाले, योग्य तेवढं. त्याले अंदाज लागते, सर. अन् अंदाज नियमात नाई मावत." मी तो गोडमिट्ट चहा निमूटपणे प्यायलो.

ग्रीकांचं सारं तत्त्वज्ञान त्या वर्गात असंच वऱ्हाडीतून शिकवत. पोरं हसत, ऐकत, आणि पुढच्या वर्षी दुसरा विषय घेत. मॅडमच्या निवृत्तीचं वर्ष आलं तेव्हा त्यांच्या वर्गात एका बाकावर मावतील एवढीच मुलं उरली होती. मॅडम गेल्या की विषय बंद, असं ठरल्यातच जमा होतं. प्राचार्य भला माणूस. स्टाफच्या बैठकीत त्यांनी अवघडून विचारलं, "मॅडम, विषय मोठा आहे, मान्य. पण आजच्या काळात याचा उपयोग काय, असं वरच्यांनी विचारलं तर मी काय सांगू?"

मॅडमनी छत्री मांडीवर आडवी घेतली.  मग त्यांनी हळूच विचारलं, "उपयोग दाखवला तं ठेवसान?"

"दाखवा. ठेवू," प्राचार्य सर्वांदेखत म्हणाले.

बैठकीनंतर त्या व्हरांड्यात छत्रीवर हात टेकून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "माह्या मागं हा वर्ग बंद पडला ना सर, तं मी इतकी वर्षं नुसता प्रवास केला म्हणायचा." डोळ्यांत पाणी होतं.  मी आपलं, होईल काहीतरी, असं पुटपुटलो.

आता दाजीबद्दल सांगायला हवं.

त्या वर्षी माझ्या वर्गातली मुलं फोनवर बोलणारा एक मदतनीस तयार करत होती. शेतकऱ्यानं आपल्या बोलीत विचारायचं, त्यानं आपल्या बोलीत सांगायचं. कृत्रिम बुद्धिमत्तेचं काम. हिंगणीकडच्या शेतकऱ्यांची एक कंपनी तो वापरून पाहायला तयार होती. प्रज्वल नावाचा माझा विद्यार्थी या टोळीचा म्होरक्या. त्याला बोलायला शिकवायचं म्हणून मुलांनी आर्वीच्या बाजारात, कारंज्याच्या धाब्यांवर, गावोगावच्या पारांवर लोकांची परवानगी घेऊन भरपूर बोलणं टिपून आणलं, आणि यंत्राला तेच पाजलं. त्याचं नाव ठेवलं दाजी. कारण सासुरवाडीला आलेल्या जावयाकडे प्रत्येक गोष्टीवर मत असतं आणि त्याला मध्येच थांबवायची कोणाची छाती नसते.

दाजी बोलायला लागला आणि आम्ही हरखून गेलो. काय ती माया, काय तो गोडवा! मग प्रज्वलनं गंमत म्हणून कपाशीवरची, जगात नसलेली एक अळी काढली. "दाजी, माह्या पऱ्हाटीवर निळ्या टोपीची अळी पडली. काय करू?"

"अगा बाप्पा! निळ्या टोपीची का?" दाजी म्हणाला. "घाबरू नको भाऊ. संध्याकाळच्याले फवारजो." पुढे त्यानं औषध सांगितलं, पाण्याचं माप सांगितलं आणि इकडे आलास तर चहाला येजो, असंही सांगितलं.

कशाचंही उत्तर दाजीकडे होतं. त्याला एकच गोष्ट बोलता येत नव्हती, ती म्हणजे 'मले माहीत नाई'. आम्ही चूक शोधून शोधून थकलो. एक दिवस स्टाफरूममध्ये मी आणि प्रज्वल डोकं धरून बसलो होतो. शेजारच्या टेबलावरून मॅडमनी सगळं ऐकलं आणि त्या इतक्या हसल्या, की छत्री खाली पडली.

"सर, हा बिघडला नाई," त्या म्हणाल्या. "हा आपल्यावर गेला."

"म्हणजे?"

"आपल्याकडं कोणी रस्ता पुसला तं माहीत नाई म्हणते का कोणी? दारचा माणूस रिकामा पाठवायचा नाई, ही आपली रीत. ठाऊक नसलं तरी, असे सरळ जा, पुढं बोरीचं झाड दिसन, तिथून वळा! मीच गेल्या महिन्यात डेपोत एका बुढ्याले पुलगावच्या गाडीत बसवून देल्लं. त्याले जायचं होतं मोर्शीले. काऊन? तं त्यानं एवढ्या आशेनं पुसलं, मले नाई म्हणवलं नाई!"

प्रज्वल हसला. मॅडम मात्र आता हसत नव्हत्या.

"पोरा, हा खोटारडा नाई. याची माया जास्त झाली. गुणच हाय, पण उतू गेला. उतू गेलेलं दूध चुलीतच जाते."

आम्ही सरळ उपाय केला. नियम घातला, की खात्री नसेल तर तज्ज्ञांकडे पाठव. दुसऱ्या दिवशी दाजी ओळखू येईना. बी किती खोल पेरायचं? कृपया कृषी अधिकाऱ्यांशी संपर्क साधा. पाऊस पडून राह्यला, फवारू का? कृपया कृषी अधिकाऱ्यांशी संपर्क साधा. शेवटी प्रज्वलनं वैतागून आज वार कोणता ते विचारलं, तर त्यासाठीही कृषी अधिकारीच. मॅडम म्हणाल्या, "घ्या! काल आगाऊ होता, आज भित्रा झाला. धाडस राह्यलं मधीच."

मग नियमावर नियम चढले. पावसाचा एक, अळीचा एक, अळी असून पाऊस असेल तर आणखी एक. ते एकमेकांच्या पायात पाय घालू लागले. तेव्हा मॅडमनी टेबलावर दोरीचा एक गुंतलेला गुंडा टाकला. पिशवीत दोरी कायम असायची, का ते विचारायचं नाही. म्हणाल्या, "एका पऱ्हाटीच्या मागं पाणी, अळी, शेजाऱ्याची फवारणी, बैलाचं दुखणं, घरातलं लग्न, सारं गुंतलेलं असते. एकेका गाठीले एकेक नियम कराल, तं नियमाइचाच गुंता होईन. जिथी गुंतागुंत हाय तिथी नियम नाई पुरत सर, स्वभाव पुरते."

"यंत्राला कसला आला स्वभाव, मॅडम?"

"आत काय हाय ते मले माहीत नाई," त्या म्हणाल्या. हे वाक्य म्हणताना त्या जरा थांबल्या, मुद्दाम सराव करत असल्यासारख्या. "पण वागणूक तं हाय ना? मंग तिले वळण लावता येते. मी नाई का लावून घेतलं?"

वळण लावायचं कसं, हेही ग्रीक म्हाताऱ्यांनी सांगून ठेवलं होतं. चांगलं वागणं शिकायचं तर अंदाज असलेल्या माणसाकडे पाहायचं. आता असा माणूस शोधायचा कसा? मॅडमनी माझ्या मुलांना पुन्हा गावोगाव पाठवलं, पण या वेळी एकच प्रश्न देऊन. अडचण आली तं तुम्ही कोणाले पुसता? लोकांनी धडाधड नावं सांगितली. त्यातून आर्वीच्या दवाखान्यातल्या एक निवृत्त सिस्टर मिळाल्या, जवळच्या गावचे नत्थूजी नावाचे शेतकरी मिळाले, शेतीची औषधं विकणारा एक दुकानदार मिळाला, आणखीही काही. दर शनिवारी ही मंडळी कॉलेजच्या व्हरांड्यात जमू लागली. प्रश्न वाचला जाई, दाजी दोन वेगवेगळी उत्तरं देई, आणि मंडळींनी त्यातलं बरं निवडायचं. निवडून भागत नसे. मॅडम छत्रीचं टोक आपटून विचारत, "जास्त झालं का कमी पडलं? अन् काऊन?" मुलं हे सारं टिपून दाजीला शिकवत.

काय वाद व्हायचे! एकदा गाय खात नाही म्हणून प्रश्न होता. दाजीच्या एका उत्तरात गाईच्या पोटाची सगळी माहिती होती. सिस्टरांनी ते नापास केलं. "घाबरलेल्या माणसाले आधी हाताले काम द्यावं लागते. माहिती मागून," त्या म्हणाल्या. नत्थूजींचं दुसरंच. त्यांना दाजीचा कान पसंत नव्हता. "माणूस जे पुसते त्यात नेहमी खरी गोष्ट नसते, बाई. खरी गोष्ट तो बोलता बोलता सांगून जाते. तिकडं ध्यान पाह्यजे." दुकानदार म्हणायचा की डब्यावर लिहिलंय ते वाचायला सांगा, अंदाजपंचे बोलू देऊ नका. मॅडम तिघांनाही दाद देत, आणि लगेच तिघांना भांडायला लावत.

माझी मुलं तर पार बिघडली. कॅन्टीनमध्ये समोसा खाताना धाडस आणि आगाऊपणा यातला फरक काढू लागली. मॅडमही धुतल्या तांदळासारख्या नव्हत्या. एका शनिवारी प्रज्वल उशिरा आला म्हणून त्यांनी त्याला असा फाडला, की व्हरांड्यातल्या चिमण्या उडाल्या. पुढच्या भेटीत सगळ्यांसमोर म्हणाल्या, "त्या दिवशी मी चिडली. कमी चिडाले पाह्यजे होतं. पण चिडाले पाह्यजे होतं, हे बी खरं." प्रज्वल तेव्हापासून वेळेवर येऊ लागला.

हळूहळू दाजी बदलला. माहीत नसलं की सांगू लागला. माहीत असलं की ठाम बोलू लागला. विचारायचं असलं की उलट विचारू लागला. पण हे आमचं मत. परीक्षा व्हायची होती हिंगणीला.

तिथल्या ग्रामपंचायतीच्या सभागृहात सकाळी ऊन चढल्यावर सगळे जमले. कंपनीची माणसं, गावातले बाया-बाप्ये, आमची शनिवारची मंडळी, आणि मुद्दाम आलेले आमचे प्राचार्य. उपयोग दाखवा म्हणाले होते ना, तो पाहायला ते पहिल्या रांगेत बसले होते. मॅडम मागे दाराशी छत्री घट्ट धरून. टेबलावर फोन आणि स्पीकर. धरणाकडच्या शेतात रानडुकरं येतात त्याचं काय करावं, तुरीचे शेंडे कधी खुडावे, असे प्रश्न झाले. दाजीनं नीट उत्तरं दिली. लोक मान हलवत होते, पण फार कोणी भारावलं नव्हतं.

मग पंचफुलाबाई नावाची एक बाई उठली. पदर सावरत फोनजवळ आली.

"दाजी, आज मालकानं औषध फवारलं. अर्धं झालं अन् ते डोकं धरून घरी आले, उलटी बी झाली. ऊन लागलं म्हणून झोपले हायेत. तं पंपातलं उरलेलं औषध मी आजच मारू, का उद्या मारलं तं चालन?"

सभागृहात कोणालाच काही वाटलं नाही. प्रश्न औषधाचा होता. मलाही वाटलं, आता हा पाण्याचं माप सांगेल. माझ्या शेजारी प्रज्वल स्पीकरकडे वाकला होता.

"काकू, औषधाचं राहू द्या," दाजी म्हणाला. "मालकाले झोपू देऊ नका. आत्ताच घरी जा. हाताले मोजे नाईतं प्लास्टिकची पन्नी बांधा, त्याइचे कपडे काढा, साबण लावून आंग धुवा अन् लगेच दवाखान्यात न्या. औषधाचा डबा संगं न्या, डॉक्टरले दाखवा. ऊन लागलं का औषध लागलं, मले माहीत नाई. पण वाट पाहू नका. तिथी कोणाजवळ गाडी हाय का?"

 मग कंपनीचा एक माणूस चावी घेऊन उठला, सिस्टर त्याच्यामागे धावल्या, आणि पंचफुलाबाईंना घेऊन जीप निघालीसुद्धा.

परीक्षा तिथेच थांबली. पण कोणी घरी जाईना. चहा आला, तो गार झाला. प्राचार्य आत-बाहेर करत होते. मॅडम दाराशीच उभ्या राहून रस्त्याकडे पाहत होत्या. दुपारी सेलूच्या दवाखान्यातून सिस्टरांचा फोन आला. प्रज्वलनं तो स्पीकरवर टाकला. "औषधच लागलं होतं. वेळेवर आणलं म्हणाले डॉक्टर. डबा होता म्हणून लगेच उपाय करता आला. आता बरे हायेत, चहा मागून राह्यले!"

सभागृहात जो कल्ला झाला तो मी जन्मात विसरणार नाही. माणसं बाकांवरून उठली, कोणी कोणाच्या पाठीत गुद्दे घालू लागलं. नत्थूजींनी टोपी काढून डोळे पुसले. मी तर हिंगणीच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. प्राचार्य वाट काढत दारापर्यंत गेले आणि साऱ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, वर्ग राहील. मी लिहून देतो, राहील."

कोणीतरी विचारलं, की हे दाजीनं केलं का तुम्ही केलं? मॅडम रडत होत्या आणि हसतही होत्या. त्यांनी छत्रीनं नत्थूजी दाखवले, दुकानदार दाखवला, प्रज्वल दाखवला, आणि सिस्टर तिथे नव्हत्या म्हणून सेलूची दिशा दाखवली. "याइनं केलं. अन् आपल्या ग्रीक म्हाताऱ्याइनं. मी नुसती संगं होती," त्या म्हणाल्या.

नव्या वर्षी तत्त्वज्ञानाच्या वर्गात बाक पुरेनात. माझ्या लॅबमधून नेले, मला न विचारता. शिकवायला मॅडमचीच एक जुनी विद्यार्थिनी आली. माझी निम्मी पोरंही तिथे जाऊन बसली, आणि मी खिडकीतून पाहून कॉलर ताठ केली, जसा काही विषय मीच काढला होता. पहिल्या दिवशी मॅडमना बोलावलं होतं. त्या आत गेल्याच नाहीत. दाराबाहेर उभ्या राहून आतला गलका ऐकला आणि म्हणाल्या, "चला सर, गाडीची वेळ झाली."

मी त्यांना सोडायला डेपोत गेलो. कारंज्याची गाडी लागलेलीच होती. मॅडम पायरीवर पाय ठेवणार, एवढ्यात डोक्यावर गाठोडं घेतलेली एक म्हातारी समोर आली. "बाई, आष्टीची गाडी कुठी लागते वो?"

मॅडमचा हात छत्रीसकट दिशा दाखवायला वर उठला. तोंड उघडलं. मग हात खाली आला.

"मले माहीत नाई, माय," त्या म्हणाल्या. "चाल, दोघी मिळून पुसू." त्यांनी म्हातारीचं गाठोडं काखेत मारलं आणि चौकशीच्या खिडकीकडे चालू लागल्या. इकडे कंडक्टरनं घंटी दिली. मी ओरडलो, "अहो मॅडम, तुमची गाडी!" पण गाडी वळली, धूळ उडवत फाटकाबाहेर गेलीसुद्धा, अगदी त्यांच्या डोळ्यांदेखत. कंडक्टर दारात उभा राहून त्यांच्याकडे बघत होता.

मॅडम मागे वळल्या. मी मनात म्हणालो, आता काही खरं नाही. त्यांनी ती काळी छत्री डोक्यावर उंच धरली आणि साऱ्या डेपोला ऐकू जाईल अशा आवाजात मला ओरडून सांगितलं, "पाहा सर, चिडली नाई!"